मेलेली चिमणी, चाळीस कबुतरं आणि तीन आठवडे बंद घर

पत्र:

घरामागे छोटी बाग आहे. चार महिन्यांपूर्वी तिथे खांबावर एक पसरट लाकडी ट्रे बसवला आणि रोज सकाळी त्यात दोन वाट्या मिश्र दाणे घालू लागले. पहिल्या महिन्यात चिमण्या, मुनिया, बुलबुल, साळुंक्या यायच्या. आता पस्तीस-चाळीस कबुतरं माझ्याआधीच येऊन बसलेली असतात. लहान पक्षी दिसेनासे झालेत आणि विष्ठेवरून शेजारी नाराज आहेत. गेल्या आठवड्यात एक चिमणी पिसं फुलवून ट्रेखाली बसून होती. जवळ गेले तरी उडाली नाही, चोचीभोवती ओलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती मेलेली सापडली. माझ्या हातून काही चुकलं का? शिवाय एक बुलबुल रोज खिडकीच्या काचेवर टोचे मारतो आणि परवा एक पक्षी काचेवर जोरात आपटला. पुढच्या महिन्यात तीन आठवडे घर बंद असेल. सवय लागलेले पक्षी तोवर उपाशी मरतील का? फुलांवर येणाऱ्या शिंजिरांसाठी साखरपाण्याची बाटली लावावी असंही मनात आहे.

उत्तर:

पुढचं वाचण्याआधी उठा आणि ट्रे उतरवून ठेवा. त्यातले दाणे पिशवीत भरून, पिशवी बांधून कचऱ्यात टाका. कोपऱ्यात ओतू नका. पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर तेही भांडं रिकामं करून पालथं घाला. निदान दोन आठवडे दाणापाणी पूर्ण बंद. या दोन आठवड्यांत आणखी एखादा पक्षी आजारी दिसला, तर त्या दिवसापासून पुन्हा दोन आठवडे मोजायचे.

चिमणी नेमकी कशाने गेली हे पत्रावरून ठरवता येणार नाही. पण पिसं फुलवून बसणं, माणूस जवळ आला तरी न उडणं आणि चोचीभोवतीचा ओलेपणा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय घशाच्या एका संसर्गाचा येतो. ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा एकपेशीय परजीवी पक्ष्याच्या घशात वाढतो आणि तिथे पिवळसर, चिकट थर धरतो. पक्ष्याला गिळता येत नाही. तो दाणा उचलतो, तोंडात घोळवतो आणि लाळेसकट परत टाकतो. तोच ओला दाणा पुढचा पक्षी उचलतो. कबुतरांच्या घशात हा परजीवी अनेकदा लक्षणं न दाखवता राहतो, त्यामुळे पसरट ट्रे, गर्दी आणि कबुतरं हे एकत्र येणं त्याला फार सोयीचं. ब्रिटनमध्ये 2005 साली हा रोग बागेतल्या फिंच या दाणे खाणाऱ्या लहान पक्ष्यांमध्ये शिरला. ग्रीनफिंच त्यात इतके घटले की 2021मध्ये त्यांची नोंद तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत झाली. दुसरा संशय साल्मोनेला या जिवाणूचा. तो विष्ठेतून दाण्यांत जातो आणि माणसाला व मांजरालाही होऊ शकतो. दोन्हींसाठी तुम्ही करायचं ते एकच: गर्दी मोडायची, दाणापाणी थांबवायचं आणि सगळं धुऊन कोरडं करायचं. दाण्यांत किंवा पाण्यात औषध मिसळण्याच्या भानगडीत पडू नका. कोणत्या पक्ष्याच्या पोटात किती गेलं यावर काहीच ताबा राहत नाही.

चुकलं का, असं तुम्ही विचारलंत. ट्रेची रचना आणि दाण्यांचं प्रमाण, या दोन गोष्टी चुकल्या. मुळीच दाणे न ठेवलेल्या बागेपेक्षा अस्वच्छ ट्रे असलेली बाग पक्ष्यांना जास्त धोक्याची, हे आम्हाला स्पष्टच सांगायला हवं. दोन्ही चुका दुरुस्त होतात.

पुन्हा मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नका. पिशवी हातमोज्यासारखी हातात घालून तो उचलायचा, तीच पिशवी उलटी करून बांधायची, मग साबणाने हात धुवायचे. थोड्या दिवसांत तीन-चार पक्षी मेलेले सापडले, विशेषतः कावळे, बदकं किंवा शिकारी पक्षी, तर ते हलवण्याआधी पशुवैद्यकीय विभागाला कळवा. बर्ड फ्लूची शक्यता तिथेच तपासली जाते.

आता सफाई. ती बाहेर, अंगणात करा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. हातमोजे, नाकावर मास्क आणि फक्त याच कामाचा ब्रश घ्या. वाळलेली विष्ठा खरवडण्याआधी पाणी मारून ती पूर्ण भिजवा. कोरडी घासली तर तिची धूळ नाकातोंडात जाते, आणि कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचे आजार होतात. विष्ठेबद्दल शेजाऱ्यांचा आक्षेप आहे तो या कारणानेही रास्त आहे. भिजलेली घाण काढल्यावर ट्रे गरम पाण्याने आणि साबणाने घासा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं बुडवून ठेवा. साबणाची पायरी गाळायची नाही, कारण घाण शिल्लक असेल तर ब्लीचची ताकद तिच्यातच खर्च होते. ब्लीचमध्ये दुसरा कोणताही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मिश्रण दर वेळी ताजं करा. शेवटी ब्लीचचा वास जाईपर्यंत भरपूर पाण्याने खळबळून घ्या आणि कडक उन्हात वाळवा. वाळवणं हे निम्मं काम आहे. ट्रायकोमोनास ओलाव्यावर जगतो, कोरड्यात फार काळ टिकत नाही.

तुमचा ट्रे लाकडी आहे. लाकडाच्या फटींत आणि रेषांत ओल व घाण राहते, ब्रश तिथे पोचत नाही. तो पुन्हा दाण्यांसाठी वापरू नये, असं आमचं मत आहे. खांब मात्र कामाचा आहे. ट्रेखालच्या मातीचा वरचा थर, साधारण दोन-तीन सेंटीमीटर, सगळ्या टरफलांसकट खरडून काढा आणि तिथे एक सपाट फरशी बसवा. पुढे खाली सांडलेलं झाडायला आणि धुवायला ती लागेल.

कबुतरांकडे येऊ. ती आली यात नवल नाही, त्यांना हवं ते सगळं तिथे होतं. कबूतर साधारण 300 ग्रॅमचं, चिमणी 25 ते 30 ग्रॅमची. चिमणी एकेक दाणा चोचीत फिरवून सोलते आणि मग खाते. कबूतर दाणे न सोलता भराभर गिळून गळ्याच्या पिशवीत साठवतं आणि नंतर निवांत पचवतं. म्हणून दोन वाट्या दाणे काही मिनिटांत संपतात आणि चिमणीची पाळी येतच नाही. त्यात त्यांना जागा आणि वेळ पक्की लक्षात राहते. तुम्ही बाहेर येण्याआधी ती हजर असतात ती म्हणूनच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. कबूतर पिल्लांना स्वतःच्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा दाट पदार्थ भरवतं. दाणे मिळत असतील तर त्याला किड्यांचा हंगाम लागत नाही, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात ते दोन अंडी घालू शकतं. चिमणीचं तसं नाही. तिची पिल्लं पहिले काही दिवस जवळजवळ पूर्णपणे अळ्या, मावा, छोटे कोळी यांवर वाढतात. म्हणजे वाटीभर दाण्यांनी कबुतरांची पुढची पिढी वाढते, चिमण्यांची वाढत नाही. चिमण्यांची वाढवायची असेल तर झाडांवर कीटकनाशक मारणं बंद करा. मावा लागलेली एखादी फांदी तशीच राहू द्या, वाळलेली पानं कुंडीत आणि वाफ्यात पडू द्या, एका कोपऱ्यात गवताला तुरे येऊ द्या. मुनियांना ते तुरे कोणत्याही फीडरपेक्षा, म्हणजे दाणे ठेवायच्या साधनापेक्षा, जास्त आवडतात. या उत्तरातल्या सगळ्या सल्ल्यांत आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा सल्ला हाच आहे, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही.

दाणे घालायचेच असतील तर पसरट ट्रेऐवजी नळीचा फीडर घ्या: उभी पारदर्शक नळी, बाजूला भोकं, भोकांखाली आखूड दांड्या. दांडी तीन-चार सेंटीमीटरपेक्षा लांब नको. तिच्यावर चिमणी बसते, कबुतराला तोल सांभाळता येत नाही. खाली सांडलेलं झेलणारी ताटली बहुतेक फीडरना जोडलेली येते, ती काढून टाका. तेच कबुतरांचं बसायचं ठिकाण होतं. एवढ्याने भागलं नाही तर नळीभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करा. जाळीचं घर चार सेंटीमीटर चौरस ठेवा, त्यातून चिमणी आणि मुनिया सहज जातात. जाळी आणि नळी यांच्यात सगळ्या बाजूंनी 15 सेंटीमीटर अंतर सोडा. इथेच लोक चुकतात: जाळी नळीला चिकटून लावतात, आणि कबूतर बाहेर बसून मान आत घालून खातं. पिंजऱ्याचा वरचा भागही जाळीने बंद करा आणि तारांची कापलेली टोकं आतल्या बाजूला वळवून दाबा, नाहीतर पिसं आणि पाय त्यात अडकतात. साळुंक्या आणि बुलबुल या पिंजऱ्यात शिरणार नाहीत. त्यांना दाण्यांची फारशी गरजही नसते. त्यांच्यासाठी पिकलेल्या फळाची अर्धी फोड फांदीवर खोचून ठेवा आणि दुपारच्या आत काढून टाका, नाहीतर ती आंबते आणि मुंग्या, माश्या जमतात.

नळीच्या फीडरचेही दोष आहेत. सर्वांत खालच्या भोकाच्या खाली जे दाणे राहतात ते कोणीच खात नाही. त्यांना ओल लागते, बुरशी धरते, आणि वरून घातलेले ताजे दाणे त्याच बुरशीवर बसतात. म्हणून नळी कधीही वरून भरत राहायची नाही. आधी उलटी करून पूर्ण रिकामी करायची, बूड पुसायचं, मग नवे दाणे. बुडाला चार-पाच मिलिमीटरचं एखादं भोक नसेल तर पाडून घ्या, पावसाचं पाणी निघून जाईल. भोकांच्या कडा दर सफाईत वेगळ्या घासा, कारण प्रत्येक पक्षी तिथेच डोकं घालतो. अमेरिकेत 1994 साली हाउस फिंच पक्ष्यांमध्ये डोळे सुजण्याची साथ आली, ती पसरण्यात फीडरच्या या कडांचा मोठा वाटा होता. आठवड्यातून एकदा साबण-ब्लीचची पूर्ण सफाई, पावसाळी दमट हवेत आठवड्यातून दोनदा. एवढा वेळ नसेल तर फीडर लावू नये. फक्त पाणी आणि झाडं ठेवावीत. त्यात कमीपणा काहीच नाही.

दाणे किती? दहा-बारा लहान पक्ष्यांसाठी एका वेळी दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 25 ग्रॅम. पहाटे उजाडताना एकदा आणि मावळतीच्या दीड-दोन तास आधी एकदा. अंधार पडण्याआधी नळी रिकामी आणि खालची फरशी झाडलेली हवी. उंदीर रात्रीच्या शिल्लक दाण्यांवर येतात, दिवसा संपलेल्या दाण्यांवर नाही. दिवसभरात संपत नसतील तर प्रमाण अर्ध्यावर आणा. मात्र संपले की नाही हे बघताना फसगत होते. चिमण्या-मुनिया दाणा सोलून टरफल तिथेच टाकतात, त्यामुळे नळी भरलेली दिसते आणि आत नुसती फोलं असतात. चिमूटभर तळहातावर घेऊन फुंकर मारा. उडून गेलं तर फोल, राहिलं तर दाणा.

लहान चोचीच्या पक्ष्यांना राळा, बाजरी असे बारीक दाणे पुरतात. थोड्या मोठ्या चोचींना पातळ टरफलाचं काळं सूर्यफुलाचं बी. बाजारातल्या मिश्रणात स्वस्त भर म्हणून जाडे दाणे घातलेले असतात. लहान पक्षी ते चोचीने बाजूला उडवतात आणि ते खाली पडून कबुतरं आणि उंदीर येतात. म्हणून मिश्रणाऐवजी एकच धान्य घ्या. दोन-तीन आठवडे पुरेल इतकंच आणून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. कुबट वास, चिकटून झालेले गोळे किंवा जाळी दिसली तर सगळा डबा टाकून द्या, निवडत बसू नका. बुरशीचे कण पक्ष्यांच्या श्वासनलिकेत वाढतात. शेंगदाण्यांवर धरणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. खात्रीचे, ताजे, बिनमिठाचे शेंगदाणे नसतील तर ते देऊच नका. खारट, तळलेलं, गोड, दूध, पाव, उरलेलं शिजवलेलं अन्न यांतलं काहीही नको. मीठ लहान पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, दुधातली साखर त्यांना पचत नाही, आणि पावाने पोट भरतं पण पोषण मिळत नाही.

साखरपाण्याची बाटलीही आम्ही सुचवणार नाही. एक भाग पांढरी साखर आणि चार भाग पाणी हे प्रमाण अमेरिका खंडातल्या हमिंगबर्डसाठी ठरलेलं आहे, आणि तिथेही उन्हाळ्यात ते दर दोन दिवसांनी फेकून बाटली घासावी लागते, नाहीतर आंबतं आणि बुरशी येते. शिंजीर फुलांतल्या मधाबरोबर कोळी आणि कीटकही टिपत असतो, पिल्लांना तर तेच भरवतो. लांब नळीची फुलं येणारी दोन-तीन झुडपं लावा. त्याला मध आणि किडे दोन्ही तिथेच मिळतील, आणि तुम्हाला सारखी बाटली घासावी लागणार नाही.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते दाण्यांच्या आधी यायला हवं. दाणे न खाणारे दयाळ, शिंपी, नाचण असे पक्षीही पाण्यावर येतात. 30 ते 40 सेंटीमीटर रुंदीचं, मातीचं, आतून खरखरीत परळ घ्या. काठाजवळ पाणी एक-दोन सेंटीमीटर आणि मध्ये फार तर पाच सेंटीमीटर असावं. गुळगुळीत चिनीमातीच्या भांड्यात पाय घसरतो आणि पक्षी उतरायलाच तयार होत नाही. असं भांडं असेल तर तळात चपटे दगड ठेवा, एखादा पाण्याच्या वर डोकावणारा. खोल बादली किंवा टाकी उघडी ठेवू नका. तहानलेलं पिल्लू वाकतं, आत पडतं आणि त्याला वर येता येत नाही. परळ सावलीत ठेवा. झुडपापासून ते साधारण दोन मीटर दूर हवं: इतकं जवळ की पक्षी उडून आडोशाला जाईल, इतकं दूर की झुडपात दबलेल्या मांजराला एका झेपेत गाठता येणार नाही. पाणी रोज सकाळी पूर्ण फेकून, ब्रश फिरवून नवं भरा. वर ओतून पातळी वाढवणं म्हणजे बदलणं नव्हे. रोज बदललं तर डासांची भीती उरत नाही, अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेतही आठवडाभर लागतो. मातीच्या भांड्यावर पांढरे क्षार किंवा हिरवं शेवाळ धरलं तर ते घासून, दिवसभर उन्हात वाळवून मग परत भरा. दोन परळं असली तर एक वाळत ठेवता येतं.

काचेच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज टोचे मारणारा बुलबुल जखमी होण्याची भीती कमी. काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि विणीच्या काळात तो ते दुसरा नर समजून हाकलतो. मात्र यात त्याची ताकद आणि वेळ वाया जातो. त्या काचेवर बाहेरच्या बाजूने दोन-तीन आठवडे कागद चिकटवा किंवा ओल्या साबणाचे फराटे ओढा. आतून पडदा ओढून उपयोग नाही, त्याने प्रतिबिंब उलट गडद होतं.

जोरात आपटणं ही मात्र जिवावरची गोष्ट आहे. काचेत आकाश आणि झाडं दिसतात आणि पक्षी भरवेगात त्यात शिरतो. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डॅनियल क्लेम 1970च्या दशकापासून याच विषयावर काम करत आहेत. त्यांच्या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष पहिल्यांदा उलटा वाटतो: फीडर काचेच्या एक मीटरच्या आत असेल तर धोका कमी होतो, कारण तिथून उडताना पक्ष्याला जीवघेणा वेग पकडायला अंतरच मिळत नाही. पाच ते दहा मीटरवरचा फीडर जास्त धोक्याचा. तुमचा खांब काचेपासून किती दूर आहे ते मोजा. एक मीटरच्या आत आणणं जमत नसेल तर दहा मीटरच्या पलीकडे न्या. काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपके किंवा उभ्या पट्ट्या काढा, त्यांच्यात कोणत्याही दिशेने पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा नको. ससाण्याच्या आकाराचं एकच स्टिकर लावून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतो.

आपटलेला पक्षी जिवंत असेल तर हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी मऊ कागद घालून, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. खायलाही काही नको. दर अर्ध्या तासाने खोकं बागेत नेऊन उघडा. बरा असेल तर तो उडून जाईल. दोन तासांनंतरही उडाला नाही किंवा पंख लोंबत असेल तर पशुवैद्याकडे न्या.

आता सुट्टी. निर्धास्त जा. बागेतल्या पक्ष्यांचं पोट एका घरावर चालत नाही. ते रोज अनेक जागा फिरतात आणि फीडर ही त्यातली एक जागा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल यांनी काळ्या टोपीच्या चिकडी या दहा-बारा ग्रॅमच्या पक्ष्यावर हेच तपासलं. वर्षानुवर्षं दाणे मिळालेल्या पक्ष्यांचे फीडर त्यांनी काढून घेतले. 1992मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, त्या पक्ष्यांपैकी हिवाळ्यात जगलेल्यांचं प्रमाण कधीच दाणे न मिळालेल्या पक्ष्यांइतकंच होतं. बर्फाच्या हिवाळ्यात ही गोष्ट, तर तुमच्या चिमण्यांची काळजी नको. जाताना तीन आठवड्यांचे दाणे एकदम भरून ठेवणं तेवढं करू नका. कोणी न बघता पडलेले दाणे म्हणजे बुरशी, उंदीर आणि पुन्हा तीच चाळीस कबुतरं.

उलट ही सुट्टी तुमच्या पथ्यावर पडते. आत्ता बंद केलेलं दाणापाणी सुट्टीवरून येईपर्यंत सुरूच करू नका. मधल्या काळात नवा आजारी पक्षी न दिसता दोन आठवडे गेले, तर जाईपर्यंत फक्त पाणी ठेवा आणि निघताना परळ पालथं घाला. कबुतरं पहिला आठवडा-दीड आठवडा सवयीने येत राहतील, छपरावर बसून वाट बघतील. त्यांना हाकलत बसायची गरज नाही, काही मिळालं नाही की ती पांगतात. या काळात शेजाऱ्यांना सांगा की ट्रे कायमचा काढला आहे. एका मुठीनेही कोणी मध्ये दाणे टाकले तर दिवस पुन्हा मोजावे लागतील, तेव्हा घरातल्यांनाही बजावा.

परत आल्यावर आधी आठवडाभर फक्त पाणी. मग नळीचा फीडर, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच, खारीला उडी मारता येईल अशा फांदी-भिंतीपासून अडीच मीटर दूर, आणि पहिल्या दिवशी एकच चमचा दाणे. आठवडाभर कबूतर जाळीत मान घालताना दिसलं नाही, तरच दोन चमचे. महिन्या-दोन महिन्यांनी फीडरची जागा चार-पाच मीटर हलवत राहा, म्हणजे एकाच मातीत विष्ठा साठत नाही.

आजार लवकर कळायला हवा असेल तर रोज बघण्याला थोडी शिस्त लावा. आठ पट मोठं दाखवणारी, दोन-अडीच मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दिसणारी दुर्बीण बागेला पुरते. दहा पटीच्या वर गेलं की हात हलला तरी चित्र थरथरतं. फीडर दिसेल अशा ठिकाणी रोज ठरावीक वेळी वीस मिनिटं बसा. प्रत्येक जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहा. आलेला प्रत्येक पक्षी मोजून बेरीज करत गेलात तर तीच चिमणी पाच वेळा मोजली जाते. बाजूला एक रकाना वागण्याचा ठेवा: पिसं फुलवून बसलेला, दाणा टाकून देणारा, डोळा मिटलेला, सगळे उडाले तरी मागे राहिलेला. या रकान्यात एक नोंद पडली की त्याच दिवशी फीडर उतरवायचा. फीडर नवा असल्यामुळे पहिले आठ-दहा दिवस त्याच्यावर कदाचित कोणीच फिरकणार नाही. त्या दिवसांतही तारीख घाला आणि शून्य लिहा.